दिवसाढवळ्या कंदील कशाला? कृष्णधवल फोटो पाहण्याची रीत, पायरीपायरीनं

सांगलीत आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जुने कृष्णधवल फोटो घेऊन बसतो. लग्नामुंजीचे नाहीत, रोजच्या जगण्याचे: बाजार, घाट, रस्ता, कारखान्याचं फाटक, कुणाचं तरी परसदार. जवळजवळ प्रत्येक बैठकीत तीच चूक होते. फोटो टेबलावर ठेवून दहा सेकंद होत नाहीत तोवर कुणीतरी म्हणतं, ‘काय ते दिवस होते!’ दुसरं म्हणतं, ‘किती गरिबी होती बघा.’ तिसऱ्याला त्यात आशा, एकटेपणा, काळाचा प्रवाह असं काहीतरी दिसतं. फोटो पुढच्याच्या हातात जातो आणि त्यात नक्की काय होतं हे कुणीच पाहिलेलं नसतं.

नजर किंवा अभ्यास कमी असतो म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. क्रम चुकतो. अर्थ आधी सांगितला जातो आणि पाहणं राहून जातं. म्हणून खाली क्रम दिला आहे. एका फोटोला पहिल्या वेळी साधारण अर्धा तास लागतो.

उदाहरणासाठी एकच फोटो घेतो. तो मला रद्दीच्या दुकानात एका जुन्या वहीत सापडला. आठ इंची चौकोनी प्रिंट. तीन पुरुष जमिनीतल्या एका गोल, काळ्या तोंडाभोवती आहेत. डावीकडचा गुडघ्यावर बसलाय आणि त्या तोंडावर दोरीनं कंदील धरलाय. मधला उभा आहे, हात गुडघ्यांवर टेकून खाली पाहतोय. उजवीकडचा फेटेवाला बसलाय आणि थेट कॅमेऱ्याकडं पाहतोय. मागं पोती, जू जमिनीला टेकलेली बैलगाडी, एक बाभूळ. एवढं वर्णन सध्या पुरे.

## तयारी

तयारीला पाच मिनिटं लागतात आणि नेमकी तीच लोक वाचवतात.

फोटो कागदावरचा असेल तर खिडकीजवळ बसा, पण ऊन थेट फोटोवर पडू देऊ नका. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते आणि तिच्याखालचं सगळं आपण न पाहताच सोडून देतो. फोटो थोडा तिरका धरा, पट्टी सरकते. हात धुऊन कोरडे करा आणि प्रिंट कडांना धरा. बोटाचा तेलकट ठसा आज दिसत नाही, काही वर्षांनी दिसतो.

फोटो भिंतीवर काचेत असेल तर काचेत आपलाच पांढरा शर्ट दिसतो. प्रदर्शनाला जाताना गडद कपडे घाला. गंमत म्हणून सांगत नाही, फरक पडतो.

मोबाइलवर पाहायचा असेल तर उजेड पूर्ण वाढवा आणि रात्रीसाठीचा पिवळसर पडदा बंद करा, नाहीतर सगळे करडे रंग चहात बुडवल्यासारखे दिसतात. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली प्रत शक्यतो टाळा. दर फेरीत बारकावे गळतात आणि बऱ्याचदा कुणीतरी कडा कापून तो पुढं पाठवलेला असतो.

जवळ ठेवायच्या वस्तू: एक भिंग, वही, पेन्सिल, फोटोखालची ओळ झाकायला एक कोरा कागद आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेले दोन काटकोनी तुकडे, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे. या तुकड्यांचं काम सहाव्या पायरीला आहे.

सावधान: हल्ली संगणकानं रंग भरलेल्या जुन्या फोटोंच्या प्रती सगळीकडं फिरतात. त्यातला लुगड्याचा हिरवा रंग यंत्रानं अंदाजानं घातलेला असतो. ती प्रत आधी पाहिली असेल तर तो हिरवा डोळ्यातून जात नाही. मूळ कृष्णधवल प्रतच घ्या.

## १. पहिली दोन मिनिटं: गप्प राहा, ओळ झाकून ठेवा

फोटोखाली किंवा मागं काही लिहिलेलं असेल तर ते झाका. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. ‘दुष्काळ’ हा एक शब्द वाचला की हसणारं पोरही भुकेलं दिसायला लागतं.

फोटो सगळा एका नजरेत मावेल इतक्या अंतरावर धरा. आठ इंची प्रिंट हातभर अंतरावर बरोबर बसते. घड्याळ लावून दोन मिनिटं नुसतं पाहा आणि फक्त दोनच गोष्टी वहीत टिपा: डोळा सगळ्यात आधी कुठं गेला आणि तिथून कुठं सरकला.

माझा डोळा आधी फेटेवाल्याच्या चेहऱ्याकडं गेला, कारण तो माझ्याकडं पाहतोय. मग जमिनीतल्या काळ्या गोलाकडं. कंदिलाकडं तिसऱ्यांदा. हे चूक की बरोबर हा प्रश्नच नाही. पुढं ही नोंद लागेल.

तपासा: दोन मिनिटांत तुम्ही मनातल्या मनात एखादं वाक्य जुळवलं का? ‘हा फोटो म्हणजे…’ असं सुरू होणारं? ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून टाका आणि पान बंद करा. मनात ठेवलंत तर ते मध्ये मध्ये येत राहील.

## २. यादी करा, विशेषणं नकोत

आता वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कडेकडेनं फिरा, मग आत या. जे दिसतं त्याचं नाव लिहा. नामं आणि क्रियापदं, बस्स. ‘थकलेला म्हातारा’ लिहायचं नाही. ‘पुरुष, मिशा पांढऱ्या, उजवा हात जमिनीवर टेकलेला’ असं लिहायचं. थकलेला आहे की नाही हे अजून तुम्हाला माहीत नाही. तो नुसता बसलेला असू शकतो.

कडेकडेनं का फिरायचं, तर मध्ये माणसं असतात आणि माणसं दिसली की आपण कडा पाहतच नाही. माझ्या फोटोत डाव्या कडेला अर्धा कापलेला एक मुलगा आहे, गळ्यात दप्तराची पिशवी. पहिल्या दोन बैठकांत तो कुणालाच दिसला नव्हता.

मध्यम गर्दीच्या फोटोत पंचवीस-तीस वस्तू सहज निघतात. दहावर अडकलात तर भिंग घ्या. मात्र वर्तमानपत्रातून कापलेला फोटो असेल तर भिंगाखाली फक्त शाईचे ठिपके दिसतील, तिथं त्याचा उपयोग नाही.

यादीत शंका असेल तर प्रश्नचिन्हासह लिहा. माझ्या यादीत ‘कंदील, पेटलेला?’ असं आहे. काचेवर ऊन चमकलं तरी पांढरा ठिपका उमटतो. भिंगातून पाहिल्यावर दोन ठिपके दिसले: एक काचेच्या बाहेरच्या बाजूला, लांबट, तो उन्हाचा. दुसरा आत, वातीच्या जागी. म्हणजे कंदील पेटलेला होता. मग प्रश्न लिहिला: भर दिवसा पेटलेला कंदील कशाला? याचं उत्तर लगेच शोधू नका. प्रश्न तसाच राहू द्या.

## ३. करडे रंग वाचा

इथं थोडं रेंगाळायला हवं, कारण कृष्णधवल फोटो पाहताना सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

आधी फोटोतली सगळ्यात काळी जागा शोधा, मग सगळ्यात पांढरी. काळ्या जागेत काही दिसतंय की नुसता काळोख आहे? पांढऱ्या जागेत कापडाच्या चुण्या दिसताहेत की सगळं धुऊन गेलंय? माझ्या फोटोत काळ्या गोलात काहीही दिसत नाही आणि मधल्या माणसाच्या धोतराचा वरचा भाग पूर्ण पांढरा झालाय. कॅमेऱ्याच्या फिल्मला कडक उन्हातला उजेड आणि गडद सावली दोन्ही एकाच वेळी पेलत नाही. त्यामुळं ‘धोतर किती शुभ्र’ असा निष्कर्ष काढायचा नाही. तो उन्हाचा परिणाम असू शकतो.

मग सावल्या. त्या कुठल्या बाजूला पडल्यात आणि किती लांब आहेत? पायाजवळ आखूड सावल्या म्हणजे दुपारच्या आसपासची वेळ. लांब सावल्या म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ, आणि दिशा माहीत असल्याशिवाय त्या दोन्हींतली कुठली हे सांगता येत नाही. सावलीच नसेल तर ढगाळ हवा, किंवा सगळं सावलीतच चाललंय.

आता रंगांचा घोळ. कृष्णधवल फोटोत काळं दिसतं ते काळंच असेल असं नाही. जुन्या काळी ज्या फिल्म लाल उजेडात धुता यायच्या, त्यांना लाल रंग दिसतच नसे. अशा फिल्मवर कुंकू, लाल लुगडं, लाल पागोटं, ओठ, सगळं काळपट येतं आणि निळं आभाळ कोरं पांढरं येतं. पुढं सर्व रंग पकडणारी फिल्म सर्रास वापरात आली. तिच्यावर लाल आणि हिरवा हे दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरू शकतात. म्हणजे हिरव्या लुगड्याचा लाल काठ फोटोत गायबही होतो. फोटोग्राफरनं भिंगावर पिवळी काच लावली असेल तर निळं आभाळ थोडं गडद होऊन ढग उठून दिसतात. लाल काच लावली तर भर दुपारी आभाळ वादळापूर्वीसारखं काळं येतं. असं आभाळ पाहून ‘संकटाची चाहूल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. चाहूल असेल कदाचित, पण ती त्या दिवशीच्या हवेत नसून फोटोग्राफरच्या हातात असू शकते.

सावधान: ‘काळा फेटा’, ‘पांढरी साडी’ असं यादीत लिहिलं असेल तर ते खोडून ‘गडद फेटा’, ‘फिकट साडी’ करा. पांढरी साडी म्हटलं की विधवा, विधवा म्हटलं की करुण कहाणी, असं घसरत जाताना मी स्वतः पाहिलंय. साडी फिकट पिवळी असू शकते.

आणि आम्हा सांगलीकरांची एक खास चूक. हळदीच्या सौद्याचा कृष्णधवल फोटो समोर आला की आमच्या डोक्यात आपोआप पिवळा रंग भरतो. मार्केट यार्डातला तो वास, हमालांच्या दंडावरची धूळ, सगळं येतं. त्यामुळं फोटोत खरोखर काय आहे ते दिसत नाही. फोटोत आहे ती फिकट करड्या ढिगाची उतरण आणि धुळीनं माखलेल्या दंडावर उठून दिसणारे स्नायू. पिवळा रंग असता तर कदाचित हे स्नायू तुम्हाला दिसलेच नसते. ओळखीच्या जागेचा फोटो पाहताना आठवण बाजूला ठेवा, तिच्यासाठी पुढं जागा आहे.

## ४. कॅमेरा कुठं होता ते शोधा

फोटोत सगळे दिसतात, फोटो काढणारा दिसत नाही. पण तो कुठंतरी उभा होता किंवा बसला होता आणि त्याच्या जागेमुळंच फोटो असा झालाय.

उंची ओळखायला फोटोतल्या उभ्या माणसाच्या डोळ्यांकडं पाहा. क्षितिज दिसत असेल तर सोपं जातं: क्षितिजाची रेघ माणसाच्या ज्या अवयवातून जाते, सपाट जमिनीवर कॅमेरा साधारण त्याच उंचीवर होता. माझ्या फोटोत ती मधल्या माणसाच्या पोटापाशी जाते. प्रिंटही चौकोनी आहे. सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकोनी फिल्म घेणारे रोलीफ्लेक्ससारखे दोन भिंगांचे कॅमेरे छातीपोटाशी धरून, वरून खाली मान घालून वापरत. चौकोनी आकार आणि ही उंची एकमेकांना जुळतात. अशा कॅमेऱ्यानं फोटो काढणारा माणूस समोरच्याकडं डोळे रोखत नाही, मान खाली घालून उभा असतो. समोर बसलेल्या फेटेवाल्याला त्याची टोपीच दिसली असेल. त्याच्या चेहऱ्यावरच्या कुतूहलाचं हे एक कारण असू शकतं. ‘असू शकतं’ हा शब्द वहीतही तसाच लिहा.

मग अंतर. फोटो काढणारा पाच-सहा फुटांवर असेल तर त्या माणसांना तो तिथं आहे हे माहीत होतं, त्यांनी त्याला येऊ दिलं होतं. लांबून, भिंतीआडून काढलेला असेल तर गोष्ट वेगळी. कोण कॅमेऱ्याकडं पाहतोय आणि कोण पाहत नाही, हेही टिपा. तिघांपैकी एकच पाहतोय. बाकीच्या दोघांना त्या क्षणी त्याहून महत्त्वाचं काहीतरी आहे.

जागा निवडल्यानं काय होतं याचं मोठं उदाहरण म्हणजे मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये काढलेला गांधीजींचा फोटो. चरखा अगदी पुढं, मोठा. गांधीजी त्याच्या मागं जमिनीवर बसून वाचताहेत. फोटो घेण्याआधी बर्क-व्हाइट यांना सूत कातायला शिकावं लागलं होतं. त्या चार पावलं बाजूला सरकल्या असत्या तर तो एका वृद्ध माणसाचा वाचतानाचा फोटो झाला असता, चरखा कोपऱ्यात गेला असता. तुमच्या फोटोलाही हाच प्रश्न विचारा: चार पावलं डावीकडून घेतला असता तर काय झाकलं गेलं असतं?

## ५. क्षण: आधी काय, नंतर काय

ही पायरी छोटी आहे. जे हललेलं, पुसट आलंय ते शोधा. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकं उघडं राहिलं तर चालणारा पाय आणि हलणारा हात पुसट होतो. अडीचशेव्या भागाइतकंच उघडलं तर बहुतेक हालचाल गोठते. म्हणजे पुसटपणा हा दोष समजून सोडायचा नाही. काय चाललं होतं ते तो सांगतो.

माझ्या फोटोत सगळं स्थिर आहे. फक्त कंदील धरणाऱ्याची बोटं पुसट आहेत. म्हणजे तो कंदील नुसता धरून बसलेला नव्हता, दोरी सोडत होता किंवा ओढत होता. वहीत एक ओळ ‘याआधी’ आणि एक ओळ ‘यानंतर’ लिहा. दोन शक्यता असतील तर दोन्ही लिहा.

## ६. कडा: काय कापलं गेलं

आता लग्नपत्रिकेचे ते दोन तुकडे घ्या. फोटोवर ठेवून एक चौकट तयार करा आणि ती हळूहळू लहान करत जा. डावीकडचा अर्धा मुलगा झाकला की काय होतं? बैलगाडी झाकली की? फक्त तिघांचे चेहरे ठेवले की? प्रत्येक वेळी फोटो काय गमावतो आणि काय कमावतो ते पाहा. हे करून पाहिल्याशिवाय चौकट म्हणजे काय हे समजत नाही, असं मी ठामपणे सांगतो. मलाही ते हातानं करूनच समजलं.

फेटेवाल्याच्या चेहऱ्यापुरती चौकट केली तर एक सुरेख व्यक्तिचित्र मिळतं आणि काम नाहीसं होतं. मुलगा झाकला तर फोटो नीटनेटका होतो, पण मग हे सगळं गावाच्या वाटेवर, शाळेला जाता-येता दिसणारं रोजचं काम होतं, हे कळायचा मार्ग बंद होतो.

मग उलटं करा: चौकटीबाहेर काय असेल? माझ्या फोटोत जाड दोराचं वेटोळं पडलंय आणि त्याचं एक टोक उजव्या कडेबाहेर जातं. बाहेर माणूस आहे, झाड आहे की गाडीचं चाक, कळत नाही. तीन माणसांचा फोटो म्हणताना हे ध्यानात ठेवा.

प्रिंटचा आकारही मोजा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट. तुमचा फोटो लांबच लांब पट्टीसारखा असेल तर नंतर कुणीतरी कापलेला असण्याची शक्यता मोठी. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे फोटो कापण्याच्या विरोधातले म्हणून ओळखले जातात, पण साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो मात्र कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून घेताना डावीकडं आडोसा आला होता. कापणं हा गुन्हा नव्हे. आपण पूर्ण चौकट पाहतोय की तुकडा, एवढं माहीत असलं पाहिजे.

## ७. आता ओळ वाचा, मागची बाजू पाहा, माहितगाराला विचारा

इतका वेळ झाकून ठेवलेली ओळ उघडा. तुमच्या यादीशी ती ताडून पाहा. ओळ जे सांगते त्यातलं काय फोटोत दिसतं आणि काय फक्त ओळीत आहे, असे दोन रकाने करा.

ओळी चुकतात, अपुऱ्या असतात. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर छापला गेला, पण त्या बाईचं नाव लोकांना कळायला १९७८ उजाडलं. चाळीस वर्षं लोकांनी त्या चेहऱ्याला हवा तो अर्थ दिला. त्याच फोटोच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता, तो नंतर निगेटिव्हवर पुसट करण्यात आला. फोटोग्राफरच्या नावाबाबतही सावध राहा. होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे मुंबईतले फोटो त्यांच्या पतीच्या नावानं छापले जात होते.

माझ्या प्रिंटमागं पेन्सिलीनं एकच शब्द आहे: हरिपूर. वर्ष नाही, नाव नाही.

वर्ष नसेल तर फोटोतच पुरावे शोधा. आपल्या भागासाठी उपयोगी पडणाऱ्या काही खुणा:

पाटीवर किंवा पोत्यावर ‘दक्षिण सातारा’ असेल तर ती वस्तू १९४९ ते १९६० मधली, कारण त्या काळात आजचा सांगली जिल्हा या नावानं ओळखला जात होता. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिन कोड असेल तर फोटो १९७२ नंतरचा. गाडीवर ‘एमएच १०’ दिसलं तर आणखी बराच अलीकडचा. आणि सांगलीच्या कृष्णेवर आयर्विन पूल दिसत असेल तर १९२९ च्या आधीचा असण्याचा प्रश्नच नाही. भावफलकावर शेर-मण आहेत की किलो हेही पाहा. मेट्रिक वजनं १९५० च्या दशकाच्या शेवटापासून टप्प्याटप्प्यानं आली.

सावधान: अशी खूण सहसा एकच बाजू सांगते. माझ्या फोटोत मागच्या एका पोत्यावर शाईचा ठसा आहे आणि भिंगातून ‘जि. द. सातारा’ वाचता येतं. यावरून फोटो १९४९ च्या आधीचा नाही एवढंच सिद्ध होतं. गोणपाटाची पोती वर्षानुवर्षं वापरात राहतात. १९६० नंतरही तेच पोतं गाडीत पडलेलं असू शकतं. कपड्यांवरून, केसांवरून वर्ष सांगणाऱ्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. गावात धोतर-फेटा अनेक दशकं तोच होता.

आणि मग माहितगार माणूस. फोटोच्या पुस्तकांचा जाणकार नको, त्या कामाचा जाणकार हवा. मी हा फोटो हळदीच्या वखारीत आयुष्य काढलेल्या एका आबांना दाखवला. त्यांनी फोटोकडं पुरतं पाहिलंही नाही, लगेच म्हणाले, ‘पेव हाय की ह्ये. हवा बघायल्यात.’ मी विचारलं, कंदील कशाला? ‘आत हवा कोंडल्याली असत्या. कंदील इझला तर मानूस बी इझनार. म्हनून आधी कंदील सोडायचा, मग मानूस.’

हरिपूर हे सांगलीजवळचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथली माती घट्ट, तिच्यात पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून जमिनीत पेवं खणून त्यात हळद साठवत. तोंड अरुंद, आत पोट ऐसपैस, खोली दोन-तीन पुरुष. बंद पेवात प्राणवायू उरत नाही. उघडल्यावर आतली हवा खेळू द्यावी लागते आणि ज्योत टिकते का ते पाहावं लागतं. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरलं आणि ही रीत मागं पडत गेली.

आमच्या बैठकीत याच कंदिलाला ‘अंधारातला आशेचा किरण’ म्हटलं गेलं होतं. म्हणणाऱ्याला दोष देत नाही. पण तो अर्थ आधी आल्यामुळं ‘दिवसा कंदील कशाला’ हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि फोटोतली खरी गोष्ट त्या आशेच्या किरणाहून कितीतरी मोठी निघाली.

तपासा: माहितगारानं सांगितलेलं फोटोत बसतं का? पुसट बोटं: दोरी सोडली जातेय, बसतं. मधला माणूस खाली पाहतोय: ज्योतीकडं, बसतं. न बसणारी एकही वस्तू असेल तर ती वेगळी लिहा, दडपू नका.

## ८. अर्थ सांगा, बोट ठेवून

आता विशेषणं वापरायला मोकळीक आहे. आठवणही आणा. एकदोन वाक्यांत फोटोबद्दल तुमचं म्हणणं लिहा. मग प्रत्येक शब्दासाठी फोटोवर बोट ठेवा, म्हणजे प्रिंटला न लावता वरून दाखवा. ज्या शब्दाला बोट ठेवायला जागा मिळत नाही, तो शब्द काढा.

मी लिहिलेलं पहिलं वाक्य होतं: ‘तीन कष्टकरी मृत्यूच्या तोंडाशी धीरानं उभे आहेत.’ बोट ठेवून पाहिलं. ‘मृत्यू’ला जागा नव्हती, ते माझं ज्ञान होतं. ‘धीर’ मधल्या माणसाच्या टेकलेल्या हातांत असेल नसेल. दोघं तर उभेही नव्हते. दुसरं वाक्य असं झालं: ‘काम सुरू होण्याआधीची वाट पाहण्याची मिनिटं आहेत; एक जण दोरी सांभाळतोय, एक ज्योत पाहतोय आणि एकाला फोटो काढणाऱ्याकडं पाहायला सवड आहे.’ हे साधं आहे, पण प्रत्येक शब्द फोटोत आहे. आणि त्या तिसऱ्या माणसाची सवड मला आता फार आवडते. त्याच्या रोजच्या कामात हे इतकं सवयीचं आहे की पाहुणा त्याला जास्त नवलाचा वाटतो.

दयेबद्दल एक सांगायचंय. अनवाणी पाय, फाटकी बंडी दिसली की आपला सूर हळवा होतो. तो सूर लावण्याआधी विचारा, फोटोतला माणूस समोर बसला असता तर हे वाक्य त्याच्यासमोर म्हटलं असतं का? पेवात उतरणारा माणूस त्याच्या कामातला कसबी माणूस होता. ‘बिचारा’ म्हटलेलं त्याला रुचलं नसतं.

चार जण मिळून पाहत असाल तर बोलण्याचा क्रम ठरवा. ज्याला त्या जागेची किंवा कामाची सगळ्यात जास्त माहिती आहे त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं. नाहीतर आबा पहिल्या मिनिटाला ‘पेव हाय’ म्हणतात आणि बाकीच्यांचे डोळे मिटतात. लहान पोरांना आधी बोलू द्या. त्यांना काहीच माहीत नसतं, म्हणून ती पाहतात.

## ९. दुसऱ्या दिवशी परत

फोटो रात्रभर पालथा ठेवा. दुसऱ्या दिवशी वही न उघडता पाच मिनिटं पाहा, मग यादीशी ताडा. काहीतरी नवं सापडतंच.

मला चपला सापडल्या. पेवाच्या तोंडाशेजारी एक जोड, नीट शेजारी शेजारी ठेवलेली. पहिल्या दिवशी ती मातीचं ढेकूळ वाटली होती. मग पाय तपासले. दोरी सोडणाऱ्याच्या पायात चपला आहेत. फेटेवाल्याच्याही आहेत, एक अर्धी दिसते. मधला अनवाणी आहे. उतरणार आहे तो हाच असावा. इतके दिवस मी फेटेवाल्याच्या चेहऱ्यापासून फोटो पाहायला सुरुवात करत होतो, आता त्या चपलांपासून करतो.

जे सापडलं ते फोटोच्या मागं लिहू नका, बॉलपेननं तर मुळीच नाही. रेघ पुढं उमटते. वेगळ्या कागदावर तारीख घालून लिहा: काय दिसलं, कुणी काय सांगितलं, कशाची खात्री नाही. तो कागद आणि फोटो साध्या कागदी पाकिटात एकत्र ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्यात ओल धरते आणि प्रिंट चिकटते. माझ्या पाकिटातल्या कागदावर शेवटची ओळ अशी आहे: ‘दोराचं दुसरं टोक कुणाकडं?’ पुढच्या खेपेला हरिपूरला जाईन तेव्हा फोटोसोबत तोही कागद नेणार आहे.